पोकलेनवर बसणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

नाशिकमध्ये सध्या जिकडे जावं तिकडे खोदकाम आहे. गोदाकाठचे घाट, रिंग रोड, त्र्यंबकेश्वरकडे जाणारे रस्ते, मलवाहिन्या, पाण्याच्या आणि गॅसच्या लाइन. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. या तारखा कुणासाठी पुढे सरकत नाहीत, म्हणून यंत्रं रात्रीही चालतात. ठेका कुणाला गेला, दर काय लागला, तपोवनातली झाडं तोडायची की नाही, यावर शहर भरभरून बोलतं आणि बोलायलाच हवं. पण वीस टनांच्या पोकलेनच्या केबिनमध्ये जो माणूस बसला आहे, त्याला ते यंत्र चालवता येतं याची खात्री कुणी केली, हा प्रश्न मी अजून एकाही बैठकीत ऐकलेला नाही.

अवजड यंत्र चालवण्याचा परवाना म्हणून आपल्याकडे जे काही आहे, तो ते यंत्र रस्त्यावरून नेण्याचा परवाना आहे. यंत्राने काम करण्याचा परवाना जवळजवळ नाहीच. ज्या कायद्यांत थोडीफार तरतूद आहे, त्यांतल्या सवलती अशा मापांवर बेतलेल्या आहेत की नेमकी धोक्याची कामं त्यांतून सुटतात. हे बदलायला हवं, आणि नाशिकपुरती त्याची सुरुवात सिंहस्थाच्या कामांपासून करता येईल, असं माझं मत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ३ नुसार सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायला परवाना लागतो. कलम १० मध्ये परवान्याचे वर्ग दिले आहेत: मोटारसायकल, हलकं वाहन, ट्रान्सपोर्ट वाहन वगैरे. त्या यादीत नाव घेऊन उल्लेख केलेलं बांधकामाचं यंत्र एकच आहे, रोड रोलर. बाकी सगळी यंत्रं ‘विशिष्ट वर्णनाचं मोटार वाहन’ या शेवटच्या खणात जातात. कायदा झाला त्या काळात गावातल्या माणसाला रस्त्यावर दिसणारं मोठं यंत्र म्हणजे रोलरच होता, तेव्हा ही यादी पुरेशी वाटली असेल. आज नाशिक तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी उभं राहिलं तर रोलरच्या आधी जेसीबी दिसतो.

पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘बांधकाम उपकरण वाहन’ अशी व्याख्या आली. तिच्यात एक्स्कॅव्हेटर, लोडर, बॅकहो, डंपर, ग्रेडर, मोबाइल क्रेन, डोझर, फोर्कलिफ्ट अशी बरीच नावं आहेत. पण अट अशी की ते यंत्र रबरी टायरचं, रबरी पॅडचं किंवा पोलादी ड्रमच्या चाकाचं असावं. शिवाय ही वाहनं ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ समजायची, कारण त्यांचं रस्त्यावर येणं प्रासंगिक, थोड्या वेळाचं आणि ताशी ५० किलोमीटरच्या आतलं. कारखान्याच्या, खाणीच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच वापरायची आणि स्वतःच्या बळावर रस्त्याने जाऊ न शकणारी यंत्रं या व्याख्येच्या बाहेर.

आता लोखंडी साखळीवर चालणारा पोकलेन आठवा. तो रस्त्याने जातच नाही, ट्रेलरवर चढवून नेतात. त्यामुळे तो चालवणाऱ्याकडे परवाना मागायला कुणी येत नाही. त्याला साइटवर आणून सोडणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरकडे परवाना लागतो, तो नसेल तर दंड होतो. मात्र एकदा यंत्र खाली उतरलं की त्याच्यावर कुणी बसावं याला बंधन नाही. बॅकहो लोडर, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो, त्याचं वजन साडेसात टनांच्या आसपास असतं आणि हलक्या वाहनाची मर्यादाही ७,५०० किलोच आहे. म्हणून मोटारीच्या परवान्यावर तो चालवता येतो की वेगळी नोंद हवी, हा वाद अपघात झाल्यावर दाव्याच्या न्यायाधिकरणात रंगतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येईल असा निकाल दिला. टेम्पो, छोटा हत्ती चालवणाऱ्या लाखो लोकांना त्याने दिलासा मिळाला, ते योग्यच झालं. पण तिथेही चर्चा वजनाची आणि रस्त्याचीच होती. त्याआधी २००१ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर ही मोटार वाहनंच आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, तेही प्रवेशकराच्या संदर्भात. यंत्र वाहन आहे का, त्याच्यावर कर किती, विमा कुणी भरायचा, हे प्रश्न न्यायालयांपर्यंत पोचले. बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, कशी फिरवायची हे माणसाला येतं का, हा प्रश्न विचारायला कायद्यात जागाच ठेवलेली नाही.

रस्त्यावर यंत्र चालवणं हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. मी अनेक वर्षं बांधकामांवर देखरेख करतो. जीव जायची वेळ येते ती यंत्र एका जागी उभं राहून काम करत असताना, हे साइटवर वावरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पोकलेन वळतो तेव्हा मागचा काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन, ज्या घेऱ्यातून फिरतो, तिथे उभा असलेला माणूस ऑपरेटरला दिसत नाही. चारीच्या काठावर काढलेल्या मातीचा ढीग तसाच ठेवला आणि वर यंत्रही उभं केलं की काठ खचतो. नाशिकचा मुरूम उन्हाळ्यात भिंतीसारखा उभा राहतो, पहिल्या पावसात तोच सरकतो. निफाडची काळी माती तर वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते, तिच्यावर बॅकहोचे मागचे पाय टेकताना खाली फळी हवी की नको हे डोळ्यांनी ओळखावं लागतं. हायड्रावर, म्हणजे फिरत्या छोट्या क्रेनवर, पाइप उचलून चालत जाताना बूम जितकी लांब तितकं उचलायचं वजन कमी, हा तक्ता केबिनमध्ये चिकटवलेला असतो. तो वाचता येणारा माणूस सीटवर असेलच याची हमी कोण देतं?

विजेच्या तारेचं उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय हे त्यातून कळतं. बूम तारेला लागली तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं. शक्य असेल तर बूम सोडवायची, नाहीतर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत हलायचं नाही आणि कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. यंत्राला आग लागली आणि उतरणं भागच असेल तर दोन्ही पाय एकत्र ठेवून, यंत्राला हात न लावता उडी मारायची आणि पाय जुळवूनच उड्या मारत लांब जायचं. एक हात दांड्याला आणि एक पाय जमिनीला, अशी अवस्था क्षणभर जरी झाली तरी विद्युतप्रवाह शरीरातून जातो. ही गोष्ट स्वतःहून सुचणारी नाही. माणसाची उपजत बुद्धी उलटच सांगते, की यंत्रातून ताबडतोब खाली उतर. द्राक्षबागांवरून, शेततळ्यांवरून अकरा केव्हीच्या तारा गेलेल्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट किती ऑपरेटरांना कुणी तरी समोर बसवून सांगितली असेल?

ऑपरेटर तयार कसे होतात ते पाहिलं की उत्तर मिळतं. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हेल्पर म्हणून लागतो. ग्रीसिंग करतो, डिझेल भरतो, रात्री यंत्राजवळ झोपतो. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद त्याला सीटवर बसू देतो. वर्षभरात हात बसतो, आणि उस्ताद दुसऱ्या मालकाकडे गेला की हाच मुलगा ऑपरेटर होतो. त्यातले कित्येक जण झारखंड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले, काही आपल्याच पेठ-सुरगाण्याचे. या मुलांच्या हातात कला असते, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बकेटच्या दातांनी पाण्याच्या पाइपभोवतीची माती खरवडून पाइप मोकळा करणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. पण उस्तादाला जे ठाऊक नव्हतं ते शागिर्दालाही ठाऊक नसतं. चुकीची सवयही तितक्याच निष्ठेने पुढे जाते, आणि त्या साखळीत कुठेही तिसरा माणूस येऊन तपासत नाही.

मोटार वाहन कायद्याबाहेर काही तरतुदी आहेत. त्यांकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण सवलतींचा खरा घोळ तिथे आहे.

बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आणि १९९८ चे केंद्रीय नियम यांत उचलयंत्र चालवणारा अठरा वर्षांवरचा आणि सक्षम असावा, त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, असं स्पष्ट म्हटलं होतं. चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी. चांगली तरतूद. पण कायदा लागू कुठे होता? जिथे दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे. स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. दहा कामगारांची अट तशीच राहिली आणि स्वतःच्या घराची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली.

या दहाच्या आकड्याचा यंत्रांच्या संदर्भात काय अर्थ होतो ते बघा. एक पोकलेन, दोन हायवा टिपर, एक हेल्पर, एक मुकादम. साइटवर माणसं पाच. जे काम पूर्वी पन्नास मजूर टिकाव-फावड्याने महिनाभर करत होते, ते या पाच जणांत चार दिवसांत उरकतं. धोका कितीतरी पटींनी वाढला, पण माणसं दहाच्या खाली गेल्यामुळे कायदा तिथे पोचतच नाही. यंत्र जितकं मोठं तितकी माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणून सूट. डोकी मोजणारी ही सवलत हाताने काम होत असलेल्या काळात लहान ठेकेदाराला जाचातून वाचवण्यासाठी होती. यांत्रिकीकरण झालेल्या कामाला ती लावणं म्हणजे सर्वांत जड साइटला सर्वांत हलका नियम देणं आहे.

खाणींचंही तसंच. खाण कायदा १९५२ चा, तोही आता याच संहितेत सामावला गेला. त्याखाली येणाऱ्या खाणीत यंत्र कुणी चालवायचं ते व्यवस्थापकाने लेखी अधिकार देऊन ठरवायचं असतं, त्याआधी प्रशिक्षण द्यायचं असतं. माझ्या मते देशातली त्यातल्या त्यात बरी व्यवस्था हीच. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मुरूम, माती, वाळू, खडी, बांधकामाचा दगड यांच्या उघड्या खाणींना सूट होती आणि ती संहितेतही राहिली: खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामावर नसावीत आणि स्फोटकं वापरू नयेत. रॉक ब्रेकर लावलेला पोकलेन आल्यापासून स्फोटकांची गरजच बऱ्याच ठिकाणी संपली. पन्नास माणसं तर आता कुठल्या मुरमाच्या खदानीत दिसतात? म्हणजे ज्या यंत्रामुळे धोका आला, त्याच यंत्रामुळे खदान सवलतीत बसली. सहा मीटर म्हणजे दुमजली घराची उंची. तेवढ्या उभ्या कड्याखाली यंत्र लावायला कसलंही प्रमाणपत्र लागत नाही.

कसाऱ्याचा घाट उतरून शहापूरकडे गेलं की समृद्धी महामार्गावर सरळांबे लागतं. तिथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली. त्या दुर्घटनेचा दोष ऑपरेटरवर टाकणं चुकीचं ठरेल, तशी माझी इच्छाही नाही. पण गर्डर लाँचरसारखं यंत्र मोटार वाहन कायद्याच्या कुठल्याही वर्गात बसत नाही. आपण बांधतो आहोत ते पूल, बोगदे, उड्डाणपूल ज्या यंत्रांनी उभे राहतात, ती यंत्रं परवान्याच्या यादीच्या फार पुढे निघून गेली आहेत.

आता शेतीकडे येतो. नाशिक जिल्ह्यात हा विषय शेतकऱ्याला टाळून बोलताच येणार नाही, आणि या लेखातला मला सर्वांत अवघड वाटणारा भाग हाच आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि चांदवड, येवला, सिन्नर, निफाड, दिंडोरी या भागांत शेततळ्यांचं अक्षरशः जाळं उभं राहिलं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत धरणांतला गाळ शेतावर पडला. खडकाळ माळाचं सपाटीकरण करून तिथे द्राक्षं उभी केली गेली. हे सगळं जेसीबी आणि पोकलेनने केलं. तासावर मिळणारं यंत्र नसतं तर छोट्या शेतकऱ्याला शेततळं परवडलंच नसतं. उद्या परवान्याच्या नावाखाली यंत्राचा दर दुप्पट झाला तर सर्वांत आधी मार बसेल तो दोन एकरवाल्याला. त्यामुळे शेतीला सवलत हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ती सवलत कशाला द्यायची, हा मुद्दा आहे. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या किंवा घरच्या यंत्राने, घरचाच माणूस काम करतो आहे आणि तिथे इतर कुणी मजूर नाही, अशा वेळी सरकारने मध्ये पडू नये. ट्रॅक्टरला पुढे लोडर लावून शेणखत भरणाऱ्या शेतकऱ्याला आपण प्रमाणपत्र मागणार असू तर तो अन्याय होईल. पण भाड्याने यंत्र चालवणारा माणूस आज या शेतात, उद्या त्या बंगल्याच्या पायावर आणि परवा महापालिकेच्या चारीवर असतो. त्याचं कौशल्य शेताच्या बांधाशी संपत नाही. शेततळ्याच्या भरावावर यंत्र कलतं तेव्हा खाली कागद अंथरायला आलेली माणसं असतात, ती परकी असतात. जिथे यंत्र भाड्याने आहे किंवा जिथे त्याच्या टप्प्यात दुसऱ्याचा जीव आहे, तिथे शेती हे कारण पुरेसं नाही.

अशी रेघ मारता येते याचे दाखले जगात आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात यंत्र दहा फुटांपेक्षा उंच भार उचलू शकत असेल, पाचशे पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलोंपेक्षा, जास्त उचलू शकत असेल किंवा त्याची बकेट पाव घनयार्डपेक्षा मोठी असेल तर चालवणाऱ्याला परवाना लागतो. केवळ शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्राला सूट आहे. तिथे माप यंत्राच्या ताकदीचं आहे. साइटवर किती माणसं आहेत आणि यंत्राला चाकं आहेत की साखळी, याच्याशी त्या मापाचा संबंध नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार बांधकामावरच्या क्रेन ऑपरेटरला नोव्हेंबर २०१८ पासून प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि दोन हजार पौंडांपर्यंतच्या छोट्या क्रेन त्यातून वगळल्या आहेत. ब्रिटनची वाट वेगळी. तिथे बांधकाम उद्योगाने २००३ मध्ये ऑपरेटरांसाठी कार्डाची योजना सुरू केली. ते कार्ड कुठल्या कायद्याने सक्तीचं केलेलं नाही, मात्र मोठे ठेकेदार अशा कार्डाशिवाय यंत्रावर बसू देत नाहीत. ही दुसरी वाट नाशिकच्या आत्ताच्या गरजेला जास्त जवळची आहे, त्याकडे पुढे येतो.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला एक मला वजनदार वाटतो. परवाना म्हटलं की दलाल आला, फॉर्म आला, खेटे आले, आणि शेवटी पैसे मोजणाऱ्याला घरबसल्या कागद मिळणार. मग सुरक्षितता तिथेच राहणार आणि ऑपरेटरच्या खिशाला तेवढी चाट बसणार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ही परीक्षा परिवहन खात्याकडे देऊ नये. तिथल्या निरीक्षकाकडे ना यंत्र असतं, ना खोदायला जमीन, आणि यंत्राने काम करून घेणं हा त्याचा विषयही नाही. परीक्षा व्हावी ती जिथे यंत्र आणि माती दोन्ही आहेत तिथे. सातपूरला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. दिंडोरी रोडला ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे. जलसंपदा विभागाची स्वतःची यांत्रिकी संघटना आहे, आणि मातीची धरणं बांधायची म्हणून याच विभागाने कित्येक दशकं डोझर-स्क्रेपर चालवले. गंगापूर धरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. परीक्षा घेणारा ठेकेदाराचा माणूस नसावा, परीक्षेचं चित्रीकरण व्हावं आणि प्रश्न तोंडी, उमेदवाराच्या भाषेत विचारावेत. वाचता न येणाऱ्या पण उत्तम हात असलेल्या ऑपरेटरला लेखी पेपरने बाद करण्यात कुणाचंच भलं नाही.

दुसरा आक्षेप टंचाईचा. ऑपरेटर आधीच मिळत नाहीत, अट घातली तर कामं बंद पडतील. याचं उत्तर असं की कुणालाही घरी बसवायची गरज नाही. जो आज यंत्र चालवतो त्याने पुन्हा शाळेत जाऊन पहिल्यापासून शिकावं असं कुणी म्हणत नाही. आहे त्या कौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून आहे. अवजड यंत्रांसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल नावाची वेगळी परिषदही आहे, बॅकहो, एक्स्कॅव्हेटर, क्रेन अशा प्रत्येक कामाचे निकष तिने लिहून ठेवले आहेत. उणीव एवढीच, की ते प्रमाणपत्र असलं काय आणि नसलं काय, साइटच्या फाटकावर कुणी विचारत नाही. ज्याला मागणी नाही ते प्रमाणपत्र मिळवायला ऑपरेटरने दोन दिवसांची मजुरी का बुडवावी?

मालकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. विनापरवाना वाहन चालवल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये आहे, आणि अशा माणसाच्या हाती वाहन देणाऱ्या मालकालाही तेवढाच. एका दिवसाच्या भाड्यातून तो भरून निघतो, म्हणून त्याची धास्ती कुणाला वाटत नाही. पण सार्वजनिक जागी अपघात झाला आणि चालवणाऱ्याकडे योग्य परवाना नसल्याचं ठरलं, तर विमा कंपनी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. कर्जावर घेतलेल्या एका जेसीबीवर घर चालवणाऱ्या तरुणाला हा एक दावा आयुष्यभर पुरतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पोलीस पहिल्यांदा धरतात तो केबिनमधल्या माणसाला. ज्याला कुणी शिकवलं नाही, ज्याला कुणी तपासलं नाही, ज्याला रात्री बारा तासांच्या पाळीनंतरही ‘एवढी चारी ओढून टाक’ असं सांगितलं गेलं, तोच आरोपी ठरतो.

कायदा बदलायला वर्षं लागतील. मोटार वाहन कायदा केंद्राचा, संहिता केंद्राच्या. पण निविदेच्या अटी इथे लिहिल्या जातात. सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण आहे, महापालिका आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे. सिमेंट कुठल्या दर्जाचं, सळई कुठल्या दर्जाची, हे निविदेत लिहिलेलं असतं, काँक्रीटचं क्युब टेस्टिंग होतं. त्याच कागदात एवढं लिहावं की ठरावीक क्षमतेवरच्या कुठल्याही यंत्रावर, मग ते टायरचं असो वा साखळीचं, स्वतंत्र परीक्षकाने तपासलेलाच ऑपरेटर बसेल. त्याचं नाव, यंत्राचा प्रकार आणि वैद्यकीय तपासणीची तारीख केबिनच्या दारावर लावलेली असेल. पोटठेकेदाराच्या भाड्याच्या यंत्रालाही हीच अट राहील. आणि परीक्षेचा खर्च व बुडालेल्या दिवसांची मजुरी कामाच्या अंदाजपत्रकात धरली जाईल, ऑपरेटरच्या पगारातून कापली जाणार नाही. या शेवटच्या कलमावर मी अडून बसेन, कारण ते नसेल तर हा सगळा बोजा सर्वांत गरीब माणसावर जाईल.

परीक्षेत काय असावं? अर्ध्या दिवसाचं काम पुरे. दोन मीटर खोल चारी काढून दाखव, माती काठापासून लांब टाक. उतारावर यंत्र उभं करून दाखव. खुणा करणाऱ्या माणसाच्या हातवाऱ्यांवर भार उचल आणि ठेव. डोक्यावर तार आहे असं समज, आता काय करशील? काम थांबवताना बकेट जमिनीला टेकवून, लिव्हर लॉक करून उतर. शहरातल्या कामासाठी आणखी एक: खोदायच्या आधी खाली काय आहे हे विचारतोस का? केंद्राने मार्च २०२३ मध्ये खोदकामाआधी जमिनीखालच्या लाइनची चौकशी करण्यासाठी ॲप सुरू केलं, ते वापरायचं काम ठेकेदाराचं. पण गॅसच्या पिवळ्या पाइपवर अंथरलेली धोक्याची पट्टी बकेटला लागली की थांबायचं, हे ऑपरेटरलाच कळायला हवं. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम किलोमीटरभराचा स्मार्ट रोड करताना शहराने किती काळ सोसलं, हे नाशिककर विसरलेले नाहीत. रस्त्यांच्या पोटात तेव्हापेक्षा आता जास्त लाइन आहेत.

प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आज साइटवर मुकादम म्हणाला की हा भार उचल, तर ऑपरेटर उचलतो. त्याला ठाऊक असतं की हे हायड्राच्या आवाक्याबाहेरचं आहे, तरी उचलतो, कारण ‘नाही’ म्हटलं तर उद्या दुसरा येईल. ज्याच्या नावावर परीक्षा आहे, ज्याचं प्रमाणपत्र चुकीच्या कामामुळे रद्द होऊ शकतं, त्याला नकार द्यायला आधार मिळतो. ‘माझं कार्ड जाईल’ हे वाक्य मुकादमाला पटतं, ‘मला भीती वाटते’ हे पटत नाही. म्हणून त्या निविदेत एक ओळ अशीही असावी की सुरक्षिततेच्या कारणाने काम थांबवलेल्या ऑपरेटरला त्या तासांचे पैसे मिळतील आणि त्या कारणावरून त्याला काढता येणार नाही. ध्वजारोहणाआधीची असोत की नंतरची, ज्या कामांच्या निविदा अजून निघायच्या आहेत, त्यांत ही ओळ घालायला लोकसभेची परवानगी लागत नाही. प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी ठरवलं की झालं.